चुलीतला च आणि चिमणीतला च

“पुढचा शब्द,” असं म्हणून आक्का वळायच्या.

घराच्या पुढच्या सोप्यात त्यांच्या येरझारा चाललेल्या असायच्या. बारा पावलं गेलं की भिंत यायची. भिंतीला उलटा हात टेकवायचा, वळायचं, परत बारा पावलं. गळ्यात नाडीला अडकवलेला मोबाइल पोटावर डुलत असायचा. मी दाराजवळ खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. त्या दाराकडं आल्या की आवाज मोठा व्हायचा, आतल्या भिंतीकडं गेल्या की बारीक.

“जरा एका जागी बसा की, आक्का.”

“बसलं की डोकं बंद पडतंय गं माझं. पुढचा शब्द.”

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला टेकलेलं तुम्ही कधी पाहिलंच नाही. त्यांच्या घरात खुर्च्या असतात त्या पाहुण्यांसाठी. आक्कांच्या सोप्यातल्या फरशीवर तर मधोमध एक गुळगुळीत पट्टा पडला होता. दोन्ही बाजूंची फरशी नवी दिसायची.

आमच्या कामात अशी पद्धत आहे की वर्ष संपताना प्रत्येकानं आपण वर्षभरात काय केलं ते थोडक्यात लिहून सगळ्यांना पाठवायचं. मी लिहायला बसले. दुरुस्त्या, नव्या आवृत्त्या, राहून गेलेली कामं, सगळं मांडलं. वाचून पाहिलं तर त्यात माझं वर्ष कुठंच नव्हतं. माझं वर्ष त्या बारा पावलांत गेलं होतं. म्हणून ती यादी पाठवून दिली आणि हे वेगळं लिहायला घेतलं.

काम म्हणजे काय, तेही सांगते. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांना मोबाइल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. मराठी मजकूर मराठीत वाचणारा असा एक आवाज आहे. तो फुकट आहे आणि खुला आहे. त्याचं आतलं सगळं काम कुणीही उघडून बघावं, चूक दिसली तर सुधारून परत सगळ्यांना द्यावं. आम्ही आठ-दहा जण नोकऱ्या सांभाळून ते करतो. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही.

माझ्याकडं सांभाळायला नोकरी उरली नव्हती. जानेवारीत कंपनीनं आमच्या अख्ख्या टीमला एका मेलवर घरी बसवलं. त्याच्याही आधीपासून पुण्याच्या घरात आम्ही नवराबायको दोन भाडेकरूंसारखे राहत होतो. “थोडे दिवस बेळगावला जाऊन येते,” असं सांगून मी एक बॅग घेऊन आईकडं आले. ती बॅग कित्येक महिने मी रिकामी केली नाही. कपडे तिच्यातूनच काढायची, धुऊन तिच्यातच ठेवायची. रोज वाटायचं, उद्या जायचंय.

एका सकाळी आई म्हणाली, “आक्कांच्या मोबाइलचं काय बिघडलंय बघून ये. रोज त्याच्याशी भांडण चाललंय त्यांचं.”

आक्का आमच्याच गल्लीत, बेळगावातल्या शहापुरात, तिसऱ्या घरात राहायच्या. मूळच्या खानापूरकडच्या एका शेतकरी घरातल्या. सहाव्या वर्षी तापात दृष्टी गेली. अंधशाळेत शिकल्या आणि पुढं एका सरकारी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. मी गेले तेव्हा त्या मोबाइलला विचारत होत्या, “कसलं जग रं? कुणाचं जग?”

भाच्यानं वाढदिवसाला संदेश पाठवला होता, ‘आक्का, शंभर वर्षं जग.’ आमच्या आवाजानं त्यातला ‘जग’ असा वाचला, की ऐकणाऱ्याला दुनियाच आठवावी.

“शंभर वर्षं जग म्हणे. मी काय इतिहासाचं पुस्तक हाय?” आक्का म्हणाल्या. “आणि परवा पुतणीनं लिवलं, बाबा गुरं चारायला गेलेत. तर हे मला चार म्हणून आकडा सांगतंय. हे तुझंच काय, हे बोलणारं?”

“माझं एकटीचं नाही. बरेच जण मिळून करतो.”

“मालक कोण याचा?”

“कुणीच नाही.”

“मग शिव्या कुणाला घालायच्या?”

“सध्या मला घाला,” मी म्हटलं.

त्या हसल्या आणि चालायला लागल्या. “बस तिथं. लिहून घे.”

आपण मराठी माणसं शाळेत एक च शिकतो आणि तोंडानं दोन बोलतो. चुलीतला वेगळा, चिमणीतला वेगळा. ‘जवळ’मधला ज निराळा, ‘जीव’मधला निराळा. ‘माझा’मधला झ ‘माझी’मध्ये राहत नाही. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, कानानं येतं. यंत्राला कान नाहीत. त्याला शब्दागणिक सांगावं लागतं. आमच्या आवाजात यासाठी दोन-तीन ढोबळ नियम घातलेले होते आणि ते निम्म्या वेळा चुकायचे. हवी होती ती यादी. कुठल्या शब्दात कुठला च, कुठल्या शब्दात कुठला ज.

“यादी माझ्या डोक्यात हाय,” आक्का म्हणाल्या. “तू टाइप करणार का, तेवढं सांग.”

मी म्हटलं करते. आठवडाभरात पुण्याला परत जायचंच होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता मी त्यांच्याकडं. मी कोशातून शब्द वाचायची, त्या “चूल” किंवा “चिमणी” एवढंच म्हणायच्या. चमचा? “दोन्ही चूल.” चंद्र? “चिमणी.” चोर? “चूल.” मध्येच एखादा शब्द त्यांना गावाकडं घेऊन जायचा. ‘चिखलणी’ आला तेव्हा पंधरा मिनिटं भाताच्या खाचरात गेली. पण पाय थांबायचे नाहीत आणि मी थांबले की लगेच, “पुढचा शब्द.”

कचेरीतल्या गोष्टीही अशाच चालता चालता निघायच्या. बोर्डावर फोन आला की त्या लगेच बोलायच्या नाहीत म्हणे. समोरच्यानं श्वास घेतला की त्यांना कळायचं, हा कानडीत बोलणार का मराठीत. मग त्याच भाषेत नमस्कार.

“श्वासावरून?” मी विचारलं.

“दहातले आठ बरोबर निघायचे. दोघं गोव्याचे असायचे.”

एकदा एका मोठ्या साहेबांनी बदली चुकवायला आजारी असल्याचा फोन केला. आक्कांनी जोडून देताना सांगितलं, “सर, खोकला थोडा खालून काढा. वरनं काढल्यावर खरा वाटत नाही.” साहेबांनी पुढं निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला त्यांच्याकडं फराळ पाठवला.

मेमध्ये आमची पहिली लढाई झाली. आम्ही पाठवलेले शब्द प्रकल्पातला पुण्याचा एक जण तपासायचा. त्यानं ‘जमीन’वर बोट ठेवलं. आक्कांनी तो ‘जवळ’च्या ज-नं सांगितला होता. त्याचं म्हणणं, हा ग्रामीण उच्चार आहे, प्रमाण मराठीत ‘जीव’चा ज.

मी त्याचा मेल वाचून दाखवला. आक्का भिंतीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, “त्याला इचार, किती एकर हाय त्याच्याकडं.”

“आक्का, असं कसं लिहू?”

“मग असं लिही. जमीन कसणाऱ्यांनी तो शब्द कसा म्हणायचा, हे जमीन न कसणाऱ्यांनी ठरवावं काय?”

मी थोडं मऊ करून लिहिलं. आठ दिवस मेल चालले. शेवटी मतं घेतली आणि आम्ही हरलो. त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत, असं त्यांच्या कामवालीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र दहाला पाच मिनिटं असतानाच त्यांचा फोन, “येणार न्हवं?”

मला त्या घाईचं नवल वाटायचं. निवृत्त बाई, कुठं जायचं नाही, कुणी वाट बघत नाही. मग एवढी धावपळ कशाची? मला वाटायचं, स्वभाव. माझ्याही पायाला त्या दिवसांत स्थैर्य नव्हतं. दर पंधरवड्याला मी पुण्याची बस पकडायची, दोन दिवस राहायची, काहीच न बोलता परत यायची. आक्का एकदा सरळ विचारत्या झाल्या.

“नवऱ्याचं काय ठरलं?”

“ठरवतोय.”

“भांडता काय?”

“नाही. भांडतसुद्धा नाही.”

दोन येरझारा झाल्या. “मग अवघड हाय,” त्या म्हणाल्या. “पुढचा शब्द.”

ऑगस्टमध्ये ठरलं. पुण्यात वकिलाच्या कचेरीत बसून दोघांनी कागदांवर सह्या केल्या. त्यानं मला स्टँडवर सोडलं आणि पाण्याची बाटली घेऊन दिली. निपाणी ओलांडेपर्यंत ती बाटली मी मांडीवर धरून बसले होते. घरी आले, आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग रिकामी केली. मग हाताला काही काम हवं म्हणून ज-ची पुरी झालेली यादी आवाजात घालायला घेतली. एक तरी गोष्ट पुरी करायची होती मला.

दुपारी नवी आवृत्ती आक्कांच्या मोबाइलवर चढवली. त्यांनी अर्धा तास ऐकली. नेहमीपेक्षा हळू चालत होत्या.

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “सोड.”

मी ती सगळ्यांसाठी खुली केली.

तिसऱ्या दिवशी निपाणीहून फोन आला. बँकेत काम करणारी एक बाई, तिलाही दिसत नव्हतं. आमचा आवाज ती कामावर दिवसभर वापरायची. “मॅडम, काय केलंय तुम्ही? जिल्हा, जन्म, जीवन, सगळ्याला तुम्ही जवळचा ज लावलाय. कानात डास शिरल्यासारखं वाटतंय. कालपासून मला काम करता येईना.”

मी फाइल उघडून पाहिली. एक खूण एका ओळीनं वर सरकली होती. चूक माझीच होती. पण ती इतकी ढळढळीत होती, की लहान मूलही ऐकून हसलं असतं. आणि आक्कांनी ती अर्धा तास ऐकून ‘बरोबर’ म्हटलं होतं.

मी तशीच त्यांच्याकडं गेले. माझा आवाज चढलेला होता, ते आज कबूल करते. “आक्का, तुम्ही ऐकलं होतंत ना? नीट ऐकलं होतंत?”

आक्का चालता चालता थांबल्या. सोप्याच्या मधोमध, भिंत आली नसताना.

“ऐकलं होतं.”

“मग?”

“मला दोन्ही सारखेच ऐकू आले गं.”

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले.

“गेल्या दिवाळीपासनं असं व्हायलंय,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. स, च, ज, असले. मग बाकीचे. मोठ्यानं बोललेलं येतंय अजून. तू आलीस तेव्हा चूल का चिमणी ते कळत होतं अजून, आता कानाला कळत न्हाय.”

“पण तुम्ही तर रोज सांगता...”

“आठवणीतनं सांगते. आई कशी म्हणायची, शाळेतल्या बाई कशा म्हणायच्या, ते सगळं आत हाय अजून. पण रोज ऐकायला मिळालं न्हाय तर आठवण तरी किती दिवस खरी राहणार? म्हणून घाई करत होते.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू मला तपासायला दिलं असतंस काय?”

दिलं नसतं. त्यांनी हात पुढं करून भिंत शोधली. भिंत दूर होती. मी उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. त्या बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवेना.

दुरुस्ती तासाभराचं काम होतं. ती मी करून टाकली. पण चुकीची आवृत्ती लोकांच्या मोबाइलवर गेली होती आणि नवी घ्यायला त्यांना सांगायला हवं होतं. मेल पाठवून उपयोग नव्हता. मेल वाचणारा आवाजच बिघडलेला.

“फोन करायचे,” आक्का म्हणाल्या. एव्हाना त्या परत उभ्या राहिल्या होत्या. “नंबर हायत मला पाठ.”

खरंच पाठ होते. अंधशाळेतले सोबती, त्यांचे विद्यार्थी, संघटनेतले लोक. दोन दिवस आम्ही तेच केलं. त्या नंबर सांगायच्या, मी लावायची. “नमस्कार, बेळगावहून बोलतेय,” हे त्या इतकं स्वच्छ, इतकं शांत म्हणायच्या, की मला त्यांची सगळी नोकरी त्या तीन शब्दांत दिसली. घरातली बोली तिथं नव्हती. “आपल्या मोबाइलवरील मराठी आवाजात आमच्याकडून चूक झाली आहे. ती अशी सुधारता येईल.” आमच्याकडून, असं म्हणायच्या. पलीकडचा बोलायला लागला की मोबाइल माझ्याकडं यायचा. मी ऐकायची आणि तेच त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगायची. मग त्या उत्तर द्यायच्या. काही जण चिडले. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तर बराच वेळ सुनावलं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“बरं म्हणाले.”

“एवढं लांबलचक बरं?”

च आणि ज झाले, पण झ राहिला होता. आता ऐकून तपासणार कोण, हा प्रश्न होता. मी निपाणीच्या बाईंना विचारलं. त्या एका रविवारी बसनं आल्या, काठी टेकत सोप्यात शिरल्या आणि आक्कांच्या आवाजाच्या दिशेनं म्हणाल्या, “मीच ती, डासवाली.”

आक्कांना त्या आवडल्या. पण झेंडूवरून दोघींची जुंपली. आक्का म्हणत होत्या ‘माझा’तला झ, निपाणीच्या बाई ‘माझी’तला.

“आमच्या बाजारातल्या फुलवाल्या बायका अशाच म्हणतात, आक्का. कालच ऐकलंय मी.”

“कालच?”

“व्हय, कालच.”

आक्का भिंतीला हात टेकवून वळल्या. “मग तिचं घाल,” त्या मला म्हणाल्या. “तिनं काल ऐकलंय. मी कधी ऐकलं होतं ते मला आठवत न्हाय.”

त्यानंतर महिनाभर दर रविवारी असंच चाललं. आक्का सांगायच्या, निपाणीच्या बाई ऐकून तपासायच्या, मी घालायची. कानात घालायचं यंत्र आक्कांनी एकदा आणलं. आठवडाभर वापरून काढून ठेवलं. “सगळी माणसं पत्र्यावर बोलल्यासारखी वाटतायत,” म्हणाल्या. दिवाळीच्या थोडं आधी झ पुरा झाला. नव्या आवृत्तीत काम करणाऱ्यांची नावं द्यायची असतात. मी त्यांचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“माझं नाव काढ.”

“का, आक्का?”

“नाव घातलं की लोक फोन करतात. फोन आता मला ऐकायला येईनात. मग लोकांस्नी वाटतंय, बाई माजली.”

म्हणून तिथंही नाही आणि इथंही नाही.

दिवाळीनंतर त्यांची पुतणी आली आणि त्यांना खानापूरला घेऊन गेली. एकट्यानं राहणं आता जमणारं नव्हतं. रस्त्यावरची गाडी कळत नव्हती, दार वाजलेलं कळत नव्हतं. मी त्यांची पेटी भरून दिली. सोप्यात त्या शेवटपर्यंत फिरत होत्या. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू आता एका जागी राहा. तुझे पाय माझ्यासारखे व्हायला लागलेत.”

मी बेळगावातच राहिले. इथल्याच एका छोट्या कंपनीत काम मिळालं. निपाणीच्या बाई आता प्रकल्पात रीतसर आहेत आणि पुण्याच्या त्या माणसाशी दर आठवड्याला वाद घालतात. ‘जमीन’चा विषय त्यांनी पुन्हा काढला आहे.

डिसेंबरात मी खानापूरला जाऊन आले. पुतणीचं घर रेल्वेच्या रुळांपासून जवळ, लोंढा जंक्शनच्या बाजूला आहे. आक्का बाहेर दगडी ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर ब्रेलचं जुनं, जाड पुस्तक. माळ्यावरून काढलेलं. मोबाइल आल्यापासून कित्येक वर्षं त्यांनी बोटांनी वाचलं नव्हतं.

मी जवळ बसून कानाशी ओरडले, “मी आलेय, आक्का!”

“ओरडू नको. वासानं कळलं. तुझी आई अजून तेच तेल देती तुला.” त्यांनी बोट ओळीवरून उचललं नाही. “बोटं जाड झाल्यात. एक पान व्हायला दुपार जाती. निपाणीवाली काय म्हणती?”

मी ओरडून ओरडून सांगितलं. निम्मं त्यांच्यापर्यंत पोचलं असेल. त्या मान हलवत होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि हाताचा तळवा ओट्याच्या दगडावर पसरून टेकवला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

“मालगाडी,” त्या म्हणाल्या. “भरलेली हाय.”

मग मलाही आवाज आला. झाडांमागून कोळशाचे डबे एकामागून एक जायला लागले. घराच्या खिडक्या बारीक थरथरल्या. आक्का मान थोडी कलती करून बसल्या होत्या, बोटं पसरलेली, चेहरा अगदी निवांत. शेवटचा डबा गेला, आवाज लोंढ्याकडं विरला. पुतणीनं आतून चहाला हाक मारली. मी उठले, दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं.

त्यांचा हात अजून दगडावरच होता. गाडी त्यांच्यासाठी अजून जात होती.